चाल आणि विसावा

थ्रेड : मराठी माणसाची पावले, पद्ये आणि रंगभूमी यांच्या गतीविषयी

मराठीत माणसाला चाल असते आणि गाण्यालाही चाल असते. फौज शत्रूवर चाल करून जाते. बुद्धिबळातील घोड्याची चाल अडीच घरांची. घराण्याच्या रूढींना चालरीत म्हणतात, माणसाच्या वर्तनाला चालचलणूक. कवितेच्या ओळीला चरण हे नाव आहे, नाटकातील गाण्याला पद. चरण म्हणजे पाय आणि पद म्हणजे पाऊल. एकाच धातूभोवती इतके अर्थ गोळा झाले असतील, तर ते बोलणाऱ्या समाजाने चालणे, गाणे आणि वागणे या गोष्टी कधीच फार वेगळ्या मानल्या नसाव्यात.

गती म्हटले की आज प्रथम वेग आठवतो. इतक्या तासांत इतके किलोमीटर. परंतु गतीचा विचार करण्याची दुसरी एक रीत होती, आणि तिची सर्वांत नेमकी व्याख्या ज्या ग्रंथात सापडते तो ग्रंथ देवगिरीच्या दरबारात लिहिला गेला.

तेराव्या शतकात देवगिरीवर यादव राजा सिंघण राज्य करीत होता. त्याच्या आश्रयाला शार्ङ्गदेव नावाचा पंडित होता. घराणे मूळचे काश्मीरचे; आजोबा भास्कर दक्षिणेत आले, वडील सोढल यादवांच्या दफ्तराचे प्रमुख झाले. शार्ङ्गदेवाने लिहिलेला 'संगीतरत्नाकर' हा भारतीय संगीतशास्त्राचा आधारग्रंथ मानला जातो. त्यातील तालाध्यायात लय म्हणजे काय हे सांगताना तो वेगाचे नावही काढत नाही. एक क्रिया संपल्यानंतर दुसरी सुरू होईपर्यंत जी विश्रांती असते, तिला तो लय म्हणतो.

ही व्याख्या क्षणभर थांबून वाचण्यासारखी आहे. टाळी वाजते, मग शांतता, मग पुन्हा टाळी. ती शांतता सर्वांत आखूड असली की लय द्रुत. तिच्या दुप्पट असली की मध्य. मध्याच्या दुप्पट असली की विलंबित. हात तोच, टाळी तीच. बदलते ते फक्त मधले रिकामे अंतर. गती मोजायची ती हालचालीने नव्हे, विसाव्याने.

शार्ङ्गदेव हे संगीतापुरते बोलत होता. पण हीच फूटपट्टी घेऊन रंगभूमी, कविता आणि रस्त्यावरचे चालणे यांच्याकडे पाहिले, तर एक वेगळाच प्रश्न उभा राहतो. विसावा कोणाच्या वाट्याला किती आला? तो ठरवला कोणी?

या प्रश्नाचे पहिले लेखी उत्तर फार जुने आहे आणि ते बरेच उघडेवाघडे आहे.

भरताच्या नावावर असलेले 'नाट्यशास्त्र' इसवी सनाच्या आगेमागे काही शतकांत आकाराला आले. त्यात एक संपूर्ण अध्याय केवळ पात्रांनी रंगमंचावर चालावे कसे यासाठी दिला आहे. गतिप्रचार हे त्याचे नाव. पावलांतील अंतर मोजण्याचे माप ताल. अंगठा आणि मधले बोट ताणून होणारी वीत. देव आणि राजे यांचे पाऊल चार तालांचे. मध्यम दर्जाच्या पात्रांचे दोन तालांचे. स्त्रिया आणि खालच्या दर्जाची पात्रे यांचे एका तालाचे. वेळेचीही तीच उतरंड : राजाच्या पावलाला चार कला, मध्यमाच्या पावलाला दोन, नीचाच्या पावलाला एक. उत्तम पात्राची लय स्थिर, मध्यमाची मध्य, अधमाची द्रुत.

म्हणजे राजा मोठे पाऊल टाकतो आणि सावकाश टाकतो. चाकर लहान पाऊल टाकतो आणि भराभर टाकतो. हिशोब केला तर दोघेही सारख्याच वेळात सारखेच अंतर कापतात. वेग एकच, फरक आहे तो दोन पावलांमधल्या विश्रांतीत. राजाला ती चौपट मिळते.

संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोलतो आणि चाकर व स्त्रिया बहुधा प्राकृत बोलतात, ही गोष्ट शाळेत सांगितली जाते. पायांनाही तशीच भाषा नेमून दिली होती, हे सहसा सांगितले जात नाही. प्रेक्षकाने पात्राचा मुकुट पाहण्याआधी त्याची चाल पाहावी आणि जागा ओळखावी, अशी ही योजना होती.

नाट्यशास्त्रकार मात्र कोरडा कारकून नव्हता. भय, त्वरा, दुःख, आजार, भूक यांच्या तडाख्यात हे माप बिघडते, हे त्याला पक्के ठाऊक होते. घाबरलेला राजा राजासारखा चालत नाही. आंधळ्याने कसे चालावे, म्हाताऱ्याने कसे, मद्यप्याने कसे, रथात बसलेला आणि नावेत बसलेला कसा दाखवावा, उंच चढणारा आणि खाली उतरणारा कसा, याचे तपशील तो देतो. माणसांच्या पायांकडे इतक्या बारकाईने पाहणारा लेखक विरळा. उतरंड आखणारा आणि उतरंड कुठे मोडते ते टिपणारा हात एकच आहे, आणि म्हणूनच तो अध्याय आजही वाचनीय आहे.

रथ दाखवायचा म्हणजे मंचावर रथ आणायचा नाही. पडदे, देखावे, चाके, काहीच नाही. नट मंचावर एक फेरी मारतो आणि स्थळ बदलते. संस्कृत नाटकांच्या रंगसूचनांत 'परिक्रमण' पुन्हा पुन्हा येते ते त्यासाठी. कालिदासाच्या 'शाकुंतल'चा पहिला अंक रथाच्या वेगानेच सुरू होतो. हरिण पुढे, दुष्यंत मागे, आणि तो वेग नटाने केवळ अंगाने दाखवायचा.

पुढे काय होते ते लक्षात घेण्याजोगे आहे. आश्रमवासी आडवे येतात आणि सांगतात, हे आश्रमाचे हरिण आहे, मारू नये. राजा बाण उतरवतो. मग रथ थांबवतो, उतरतो, धनुष्य आणि अलंकार सारथ्याकडे देतो आणि साध्या वेषात पायी आश्रमात शिरतो. शकुंतला त्याला दिसते ती या थांबण्यानंतर. धावत्या रथातून ती दिसलीच नसती. नाटकातील सगळे पुढचे सुख आणि सगळे पुढचे दुःख एका राजाला आपली गती टाकावी लागली या एका क्षणातून निघते.

कवितेकडे वळले की हीच पावले छंदांच्या नावांत भेटतात. संस्कृत वृत्तांची नावे म्हणजे चालींचे जणू प्राणिसंग्रहालय आहे. भुजंगप्रयात, म्हणजे सापाचे सरपटणे. शार्दूलविक्रीडित, वाघाचा खेळ. हरिणप्लुता, हरिणाची उडी. द्रुतविलंबित, आधी घाई आणि मग रेंगाळणे. मंदाक्रांता, हळू पाऊल टाकणारी.

ही नावे केवळ शोभेची नाहीत. लघु अक्षराला एक मात्रा, गुरू अक्षराला दोन. मंदाक्रांतेच्या चरणात १७ अक्षरे असतात. पहिली चारही गुरू, म्हणजे चार अक्षरांना आठ मात्रा. तिथे यती, क्षणभर थांबायचे. मग पाच लघू आणि एक गुरू. सहा अक्षरे असूनही मात्रा सातच. पुन्हा थांबायचे. उरलेल्या सात अक्षरांत गुरू-लघूंची संथ हेलकावणारी ओळ, मात्रा बारा. जड पाऊल, थांबा, अचानक धाव, थांबा, आणि मग लांब चाल. 'मेघदूत' संपूर्ण याच वृत्तात आहे. विरही यक्ष ज्या रामगिरीवर बसला होता तो म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादले.

त्या काव्यात यक्षाची पंचाईत अशी की निरोप तातडीचा आहे, पण निरोप्या ढग आहे. म्हणून तो ढगाला घाई कर असेही सांगतो आणि वाटेत कोणत्या डोंगरावर टेकावे, कोणत्या नदीचे पाणी प्यावे, उज्जयिनी वाटेत नसली तरी वाकडी वाट करून कशी पाहावी, हेही सांगतो. पूर्वमेघाचा बराचसा भाग म्हणजे मुक्कामांची यादी आहे. घाईतला माणूस दुसऱ्याला विसावे नेमून देतो आहे, आणि वृत्तही नेमक्या त्याच जागी थांबत थांबत जाते.

भुजंगप्रयाताची गोष्ट उलट. एक लघू, दोन गुरू. पुन्हा एक लघू, दोन गुरू. असे चार वेळा. सापाला पाय नाहीत, तेव्हा पाऊल उचलून टेकवण्यातले अंतरही नाही. हे वृत्त थांबत नाही, सरकत राहते. रामदासांनी मनाच्या श्लोकांसाठी हेच वृत्त घेतले. २०५ श्लोक पाठ करणारी मराठी मुले पिढ्यान्‌पिढ्या ते एका दमात म्हणत आली, त्यात वृत्ताच्या सरकण्याचा वाटा मोठा आहे. चंचल मनाला उपदेश करताना त्याला पळायला फट ठेवायची नाही, असे रामदासांनी मनाशी योजले होते की नाही ते सांगता येणार नाही. परिणाम मात्र तसा झाला खरा.

ही झाली पंडितांची पावले. मराठीचा आपला छंद दुसरीकडेच जन्मला.

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'मानसोल्लास' हा ज्ञानकोशासारखा ग्रंथ सिद्ध केला. राजाने काय खावे, कसे खेळावे, हत्ती कसे पारखावेत, इथपासून त्यात सर्व काही आहे. संगीताच्या ओघात एक छोटा उल्लेख येतो : महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात. ज्ञानेश्वरीचा काळ १२९०. म्हणजे ज्ञानदेवांच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी एका राजाच्या कानावर मराठी बायकांची ओवी पडली होती, आणि ती मुसळाच्या आवाजासकट पडली होती.

मुसळ उचलायचे, सोडायचे. पुन्हा उचलायचे. शार्ङ्गदेवाची व्याख्या इथे शब्दशः लागू होते. क्रिया, विश्रांती, क्रिया. फरक इतकाच की इथली विश्रांती मुसळ वर जाण्याइतकीच.

जात्यावरची ओवी याच कुळातली. पहाटेच्या अंधारात दोघी समोरासमोर बसतात, खुंटा दोघींच्या हातात, आणि एकीचा मोकळा हात जात्याच्या तोंडात घास टाकतो. पाळी फिरत राहते. ओवीचे चरण अक्षरगणांनी बांधलेले नसतात. दगडाच्या फेऱ्यात बसेल इतके शब्द लांबवायचे किंवा आवळायचे. शेवटचा चरण बहुधा आखूड, जणू श्वास घेण्यासाठी सोडलेला. ज्ञानदेवांनी गीतेवर भाष्य करण्यासाठी हा छंद निवडला. ग्रंथातली ओवी आणि कंठातली ओवी यांत पुढे बराच फरक पडला, तरी नाव आणि मोकळीक तीच राहिली. संस्कृतात राजाचे पाऊल चार तालांचे ठरवून दिलेले असताना, मराठीतला पहिला महान ग्रंथ ज्या छंदात उभा राहिला त्याला दळणकांडणाच्या कामाने घडवले होते.

गी पॉइट्व्हँ आणि हेमा राईरकर यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खेड्यापाड्यांतील स्त्रियांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे काम हाती घेतले. त्या संग्रहात आज एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. माहेर, भाऊ, सासुरवास, पंढरी, सीतेचा वनवास, बाबासाहेब आंबेडकर. दगड फिरत असताना बाईला जे बोलता येत होते ते सगळे. या संग्रहाविषयी बोलताना गळा दाटून येण्याची एक पद्धत पडली आहे. ती थोडी आवरावी. गिरणी आल्यावर बायकांनी जाते सोडले ते आनंदाने सोडले, कारण ते कष्ट होते. ओवी ही कष्टांची देणगी नव्हती. कष्टांच्या फटीत त्या बायकांनी स्वतःसाठी काढलेली जागा होती.

आता थोडे वाकड्या वाटेने. इतिहासाच्या चाहत्यांना चाल हा शब्द बहुधा फौजेमुळे ओळखीचा असतो, तेव्हा पालखेड सोडून पुढे जाणे बरे नव्हे. १७२८ मध्ये बाजीरावाने निजामाला पालखेडजवळ कोंडले. मराठ्यांकडे जड तोफखाना नव्हता आणि बुणग्यांचा गोतावळा नव्हता, म्हणून ते वेगवान होते, असे नेहमी सांगितले जाते आणि ते खरेच आहे. पण लढाई वेगाने संपली नाही. ती निजामाला पाणी मिळेनासे झाल्याने संपली. खानदेश-गुजरातेतून फिरलेल्या मराठी फौजेमागे धावताना निजामाने अवजड तोफा मागे टाकल्या, आणि अखेर तो थांबला ते शत्रूने निवडलेल्या जागी. मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. आपल्या मुक्कामाची जागा आपणच ठरवणे, यात त्या मोहिमेचे निम्मे यश होते. उलट १७६० साली उत्तरेकडे निघालेल्या भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर यात्रेकरू, कुटुंबे आणि बाजारबुणगे यांचा मोठा लोंढा होता, आणि त्या लोंढ्याचे पाऊल हेच फौजेचे पाऊल ठरले.

फौजेहून मोठा आणि दरवर्षी न चुकता चालणारा समूह महाराष्ट्रात दुसराच आहे.

आषाढीची वारी. पालखीची प्रथा तुकाराममहाराजांचे पुत्र नारायणमहाराज यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस सुरू केली. आळंदीहून निघणाऱ्या माउलींच्या सोहळ्याला आजची शिस्त हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दिली. आळंदी ते पंढरपूर अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. जिद्दीचा माणूस ते आठवड्यात कापील. वारी त्यासाठी जवळजवळ तीन आठवडे घेते. दुपारचा विसावा, रात्रीचा मुक्काम, मध्येच रिंगण. विसावा हा शब्द वारीत कार्यक्रमपत्रिकेवरचा शब्द आहे, त्याची जागा आणि वेळ ठरलेली असते.

वारकऱ्याचे पाऊल टाळ ठरवतो आणि टाळ अभंग ठरवतो. पावली खेळताना दोन पावले पुढे, एक मागे. नाट्यशास्त्राची उतरंड इथे उलगडते. सावकार आणि सालगडी एकाच दिंडीत असतील तर दोघांचे पाऊल सारखेच पडणार, कारण विणेकऱ्यामागे वेगळे पाऊल टाकणारा माणूस दुसऱ्याच्या टाचेवर पाय देईल. एका दिवशी मात्र ही शिस्त मुद्दाम मोडली जाते. वेळापूरच्या अलीकडे एका उतारावर धावा होतो. तुकोबांना तिथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. म्हणून तिथे म्हातारेकोतारेही धावतात.

परंतु चालीत जी समता होती ती थांबण्याच्या जागी नव्हती. चोखामेळा सर्वांबरोबर पंढरीला येऊ शकत होता. देवासमोर उभा राहू शकत नव्हता. त्याची समाधी आजही महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीपाशी आहे. चोखोबा गेले १३३८ साली. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांसाठी खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना उपोषण करावे लागले ते मे १९४७ मध्ये. सहाशे वर्षे. इतका काळ ज्या वाटेवर कोणालाही चालण्याची मुभा होती, त्या वाटेच्या शेवटी थांबण्याचा अधिकार मात्र जन्मावरून ठरत होता. वारीच्या समतेविषयी लिहिताना ही बाब वगळणारे लिखाण अपुरे समजावे.

याच सुमारास, म्हणजे वारीला आजची शिस्त येत असतानाच, मराठी नाटकाचीही पावले पडू लागली होती.

१८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' रंगवले. भाव्यांच्या नाटकात पदे सूत्रधार म्हणे. पात्रे त्यांवर अभिनय करीत आणि मग आपल्या मनाने गद्य बोलत. राक्षस आरोळ्या ठोकीत येत. त्यांच्या त्या आरोळीवरून पुढे अशा नाटकांना 'अललडुर्र' हे थट्टेचे नाव पडले. गतीच्या दृष्टीने पाहिले तर पात्राचे पाऊल आणि पात्राचे पद ही दोन वेगवेगळ्या माणसांकडे होती. नटाचे पाय चालत, गळा सूत्रधाराचा चाले.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल'चे पहिले चार अंक मराठीत सादर केले आणि ही फाटाफूट मिटवली. पात्रे स्वतः गाऊ लागली. रथातून उतरणारा तोच दुष्यंत, पण आता त्याच्या तोंडी साकी होती, दिंडी होती. दिंडी हे वृत्ताचे नाव आहे. प्रत्येक चरणात १९ मात्रा, नवव्या मात्रेनंतर थांबा. वारकऱ्यांच्या पथकाचे नाव आणि दुष्यंत-शकुंतलेच्या गाण्याच्या छंदाचे नाव एकच असावे, यात मराठीला तरी काही विचित्र वाटले नाही.

मात्र पात्र स्वतः गाऊ लागले की नाटकाचे घड्याळ बदलते. गाणे सुरू झाले की कथा थांबते. बालगंधर्वांच्या काळात ती इतकी थांबू लागली की एकाच पदाला पुन्हा पुन्हा वन्समोअर मिळे आणि रुक्मिणीचे हरण व्हायला रात्र उलटून जाई. 'स्वयंवर' १९१६ चे. त्याच्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या. या लांबणीला पुढच्या पिढीने बरीच नावे ठेवली. ती सर्वस्वी न्याय्य नव्हती. कथा सर्वांना माहीत होती. रुक्मिणीचे पुढे काय होणार या उत्कंठेपोटी कोणी तिकीट काढत नव्हते. प्रेक्षक पैसे मोजत होता तो त्या थांबण्यासाठी.

पण तेवढा वेळ थांबणे कोणाला परवडत होते? त्याच मुंबईत, त्याच दशकांत, एक फार मोठा वर्ग होता ज्याच्या चालण्याचा ताल भोंगा ठरवत होता.

मुंबईत पहिल्या कापड गिरणीची स्थापना १८५४ सालची. गिरणीतला दिवस सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतचा. यंत्राच्या फेऱ्यात यती नाही. भुजंगप्रयातात तरी चरण संपतो. सत्यशोधक चळवळीतले कार्यकर्ते आणि 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि मागण्यांचा अर्ज तयार केला. मागण्यांत पगार होता, अपघाताची भरपाई होती. पण यादीच्या अग्रभागी दोन गोष्टी होत्या. आठवड्यातून एक दिवस, रविवार, सुट्टी. आणि दुपारी अर्धा तास विसावा.

अर्धा तास. जेवण पोटात जाईपर्यंत यंत्र बंद असावे, इतकेच. शार्ङ्गदेवाने जी गोष्ट संगीताची व्याख्या म्हणून लिहिली, ती इथे अर्जावर मागणी म्हणून आली होती. पाच हजारांहून अधिक कामगारांनी त्या अर्जावर सह्या-अंगठे केले. सहा वर्षे गेली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. आज महाराष्ट्रात रविवारी उशिरा उठणारा प्रत्येक जण ज्या माणसाचे काही देणे लागतो त्याचे नाव शालेय पुस्तकांच्या बाहेर फारसे घेतले जात नाही.

मालकांनी सुट्टी दिली म्हणून विसावा मिळाला असे मात्र सरळ म्हणता येत नाही. त्या गिरण्यांत हजारो स्त्रिया होत्या. त्यांचा रविवार धुण्याचा, दळणाचा आणि पाणी भरण्याचा. ओवीची पाळी घरी फिरतच होती.

शहराची ही गती कवितेत यायला आणखी अर्धे शतक लागले. बा. सी. मर्ढेकरांचा 'काही कविता' हा संग्रह १९४७ चा. यंत्र, गर्दी, लोकल, कोंदटलेली माणसे असा त्याचा मजकूर, आणि त्यासाठी मर्ढेकरांनी अनेकदा साचा घेतला तो ओवी-अभंगाचा. वाचकांना धक्का बसला, आणि तो केवळ शब्दांचा नव्हता. ज्या लयीत पाय पंढरीकडे चालत आले त्याच लयीत ते फलाटाकडे चालताना ऐकू येणे, हा तो धक्का होता.

रंगभूमीनेही तोपर्यंत पाऊल बदलले होते. १ जुलै १९३३ रोजी मुंबईत 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' सादर केले. नॉर्वेच्या ब्यर्नसनच्या नाटकावरून श्री. वि. वर्तकांनी ते बेतले होते. पदे मोजकी, स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांकडे, संगीत केशवराव भोळे यांचे. पात्रे खोलीत माणसे चालतात तशी चालू लागली; बोलता बोलता खुर्चीत बसू लागली, गप्प राहू लागली. विसावा पदातून निघाला आणि संवादांच्या मधल्या शांततेत येऊन बसला. ते नाटक धंद्याच्या दृष्टीने फार तगले नाही. ती शांतता मात्र टिकली.

आणि मग १६ डिसेंबर १९७२, पुणे. विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल', दिग्दर्शन जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद.

पडदा नव्हता. पडद्याच्या जागी माणसे होती. पेशवाईतल्या पुण्यातले बारा ब्राह्मण एका ओळीत उभे राहतात, गातात, ताल धरतात आणि डोलतात. तीच ओळ कधी भिंत होते, कधी रस्ता, कधी गर्दी, कधी कीर्तनाचा श्रोतृवर्ग. नाना फडणवीस त्या ओळीतून बाहेर येतो आणि त्या ओळीतच नाहीसा होतो. 'घाशीराम'वर नंतर जे वादळ झाले ते सर्वपरिचित आहे. नानांची प्रतिमा, ब्राह्मणांची प्रतिमा, बंदीची मागणी. त्या गदारोळात ओळीच्या पायांकडे लक्ष थोड्यांचेच गेले.

नाट्यशास्त्राने श्रेष्ठींना चार तालांचे पाऊल दिले होते. त्या ओळीला तेंडुलकर आणि मुळगुंद यांनी एवढेसे पाऊल दिले, जागच्या जागी, डावीकडे आणि उजवीकडे. ती माणसे नाटकभर तालात हलत असतात आणि कुठेही पोहोचत नाहीत. समोर काही बरे चालले असेल तर ती प्रेक्षकांकडे तोंड करून गातात. मंचावर कोणावर अत्याचार होऊ लागला की ओळ वळते, प्रेक्षकांकडे पाठ करते, आणि डोलणे मुळीच न थांबवता मागचे सारे झाकून टाकते.